कुमकेच्या आधी धावणारे

बुद्धिबळाच्या पटावर सगळे मोहरे पहिल्या चालीपासून हजर असतात. हत्ती कोपऱ्यात अडकलेला असला तरी तो तिथे आहे, हे दोघांनाही दिसत असते. टेबलावर मिनिएचर मांडून खेळल्या जाणाऱ्या युद्धखेळांत मात्र फौजेचा एक हिस्सा टेबलाबाहेर, खेळणाऱ्याच्या मागच्या ट्रेमध्ये थांबलेला असतो. तो कधी येणार हे पुष्कळदा फासा ठरवतो, आणि कुठे उतरणार हे नियम, समोरच्याची मांडणी आणि नशीब मिळून ठरवतात. या राखीव फौजेवर खेळणारे तासन्‌तास बोलतात. तिच्या येण्याआधी तिच्यासाठी टेबलावर धावणाऱ्या वेगवान तुकड्यांचा विषय त्या मानाने फार थोडा निघतो. त्या तुकड्या कशा निवडाव्यात, एवढ्यासाठीच ही पुस्तिका आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडी ओळख. सहा फूट बाय चार फुटांचे टेबल, त्यावर टेकड्या, झाडी, पडकी घरे. बोटभर उंचीचे, हाताने रंगवलेले सैनिक. अंतर मोजायला इंचांची पट्टी आणि निकाल लावायला मूठभर फासे. पायदळ एका पाळीत साधारण 6 इंच चालते, मोटारसायकलस्वार 12 इंच किंवा जास्त. प्रत्येक तुकडीला गुणांत किंमत असते आणि दोन्ही बाजू सारख्याच गुणांची फौज आणतात. प्रशियाच्या सैन्यात राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने 1824 मध्ये नकाशा, फासे आणि पंच घेऊन खेळायचा युद्धखेळ छापला. तो अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी होता. एच. जी. वेल्स यांनी 1913 मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून तो खेळण्यातल्या शिपायांसह घरच्या जमिनीवर आणला. आज सर्वाधिक ओळखीचा आहे तो इंग्लंडमधल्या गेम्स वर्कशॉपचा, 1987 मध्ये सुरू झालेला ‘वॉरहॅमर 40,000’. दिवाळीत मातीचा किल्ला करून त्यावर मावळे मांडणाऱ्या घरांना छोट्या सैनिकांची ओढ समजावून सांगायला नको. किल्ल्यावरचा मावळा मात्र जिथे ठेवला तिथेच भाऊबीजेपर्यंत उभा असतो. इथला चालतो, पडतो, आणि कधी कधी उशिरा येतो.

उशिरा येण्याचे गणित आधी पाहू, कारण वेगवान तुकडीचे सारे काम त्या उशिराशी बांधलेले आहे. वॉरहॅमरच्या 2008 च्या पाचव्या आवृत्तीत राखीव तुकडीसाठी दुसऱ्या फेरीपासून एकेक फासा टाकायचा. दुसऱ्या फेरीत 4 किंवा अधिक, तिसरीत 3 किंवा अधिक, चौथीत 2 किंवा अधिक पडले की ती आली. म्हणजे दुसऱ्या फेरीत येण्याची शक्यता निम्मी, तिसरीपर्यंत सुमारे 83 टक्के, चौथीपर्यंत 97. आकडे एका तुकडीपुरते आश्वासक वाटतात. आता तीन तुकड्या राखीव ठेवा. तिन्ही दुसऱ्याच फेरीत एकदम येण्याची शक्यता आठात एक, आणि एकही न येण्याची तीही आठात एक. उरलेल्या आठांतल्या सहा वेळा काही येतात आणि काही मागे राहतात. एकटी उतरलेली तुकडी पुढची फेरी शत्रूच्या माऱ्यात काढते, आणि मागून येणाऱ्यांना तिची फक्त रिकामी जागा सापडते. राखीव फौज हरते ती बहुधा अशी, हप्त्याहप्त्याने.

म्हणून वेगवान तुकडी निवडताना ती किती इंच धावते हा प्रश्न मी दुसरा ठेवतो. कुमक येईल त्या फेरीत ती तुकडी टेबलावर जिवंत असेल का, आणि जिथे हवी तिथे असेल का, हा पहिला. या पुस्तिकेतले सारे सल्ले या एका प्रश्नातून निघालेले आहेत. वेग हा पोहोचण्यासाठी असतो. पोहोचल्यावर दोन फेऱ्या टिकता आले नाही तर तो वेग शत्रूला आयते बळी नेऊन देतो.

जुन्या नियमांत ही जोडी किती नेटकी बसली होती ते पाहण्यासारखे आहे. त्या काळी आकाशातून किंवा टेलिपोर्टने उतरणारी तुकडी नेमक्या जागी उतरेलच असे नसे. दिशेच्या फाशावर सहापैकी दोन बाजू अचूक, बाकी चारांवर बाण. बाण आला की दोन फाशांच्या बेरजेइतके, म्हणजे सरासरी 7 इंच, तुकडी भरकटे. भरकटून शत्रूच्या अंगावर किंवा टेबलाबाहेर गेली तर आणखी एक फासा. त्यावर 1 किंवा 2 आला की अख्खी तुकडी गारद. यावरचा इलाज मोटारसायकलींवर होता. डार्क एंजल्स या फौजेत रेव्हनविंग नावाचे मोटारसायकलस्वार टेलिपोर्टचा खुणेचा दिवा घेऊन पुढे जात आणि डेथविंग नावाचे जड चिलखती वीर त्या दिव्याच्या 6 इंचांच्या आत अचूक उतरत. अट एवढीच, की दिवा फेरीच्या सुरुवातीलाच टेबलावर हवा. ती अट साऱ्या युक्तीचा जीव होती. आधीच्या पाळीत शत्रूच्या माऱ्यातून स्वार वाचले तरच दिवा पेटलेला राहणार. नवखे खेळाडू स्वारांना थेट शत्रूच्या नाकासमोर नेत आणि कुमकेआधीच गमावून बसत. मुरलेले खेळाडू स्वारांना एखाद्या भिंतीआड, लढाईपासून थोडे बाजूला थांबवत. 6 इंचांचे वर्तुळ भिंतीपलीकडेही पोहोचतेच.

2017 च्या आठव्या आवृत्तीने भरकटणे काढून टाकले. आता उतरणारी तुकडी शत्रूच्या प्रत्येक सैनिकापासून 9 इंचांहून दूर हवी, एवढाच मुख्य नियम. पुष्कळांना वाटले की वेगवान तुकड्यांचे काम संपले. माझ्या मते ते वाढले. एका सैनिकाभोवतीच्या 9 इंच त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे 254 चौरस इंच येतात. नव्या आवृत्त्यांच्या 60 बाय 44 इंचांच्या टेबलाचा तो जवळजवळ दहावा हिस्सा झाला. समोरच्याने पाच-सहा स्वस्त सैनिक पसरून उभे केले तर निम्मे टेबल तुमच्या कुमकेला बंद होते. ते पातळ कुंपण फेरी संपायच्या आत कोणीतरी फोडायला हवे, आणि तिथवर पायदळ पोहोचत नाही. कुमक उतरल्यावर धडक मारायची तर दोन फाशांवर 9 लागतात. ते पडण्याची शक्यता छत्तीसांत दहा, म्हणजे 28 टक्के. धडकेचा भरवसा कमी असल्याने जवळच उभ्या वेगवान तुकडीने शत्रूला गुंतवून ठेवले, त्याला मागे सरकून नेम धरू दिला नाही, तर उरलेल्या 72 टक्क्यांतही कुमक वाचते. 2023 च्या दहाव्या आवृत्तीत तर तिसरी फेरी संपेपर्यंत न आलेली राखीव तुकडी मेलीच असे धरतात. जागा उघडली नाही, म्हणून फौज मागच्या ट्रेमध्येच मरते.

नियम दर काही वर्षांनी बदलत राहतात, म्हणून आकड्यांवर फार विसंबू नये. ज्या खऱ्या प्रसंगांशी हे नियम जुळतात ते बदलत नाहीत. त्यातले दोन इथे सविस्तर सांगतो.

पहिला आर्नहेमचा. 17 सप्टेंबर 1944 रोजी ब्रिटिशांची पहिली एअरबोर्न डिव्हिजन हॉलंडमध्ये उतरली. विमाने पुरेशी नव्हती, म्हणून डिव्हिजन एका दिवसात न आणता तीन खेपांत आणायची ठरली. उतरण्याची मैदाने ऱ्हाइनवरच्या पुलापासून कित्येक किलोमीटर दूर. तेवढे अंतर तोडून पूल अचानक गाठायचे काम मेजर गॉफच्या टेहळणी स्क्वाड्रनला दिले होते, मशीनगन बसवलेल्या जीपमधून. कागदावर ही निवड बिनचूक होती: सर्वांत वेगवान तुकडी, सर्वांत दूरचे ठाणे. प्रत्यक्षात रेल्वेमार्गाजवळ जर्मन मारा सुरू झाला आणि पुढच्या जीप तिथेच अडकल्या. पुलाच्या उत्तर टोकाला पोहोचली ती फ्रॉस्टची दुसरी पॅराशूट बटालियन, नदीकाठच्या खालच्या रस्त्याने, पायी.

खेळणाऱ्याने या प्रसंगाची दुसरी बाजूही पाहावी. दुसरी खेप 18 तारखेला यायची होती. तिच्यासाठी मैदाने मोकळी ठेवणे भाग होते, म्हणून पहिल्या दिवशी उतरलेल्यांपैकी एक अख्खी ब्रिगेड मैदाने राखत बसली आणि पुलाकडे जाऊ शकली नाही. इंग्लंडमधल्या धुक्याने दुसरी खेप काही तास उशिरा आली. म्हणजे राखीव फौजेसाठी जागा धरून ठेवायला लागणारे सैन्यही राखीव फौजेच्याच खर्चात धरावे लागते. टेबलावर हा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. 2000 गुणांच्या फौजेतले 500 गुण राखीव ठेवले की पहिली फेरी-दोन फेऱ्या तुमचे 1500 समोरच्या 2000 शी लढत असतात. त्यातले 300 गुण वेगवान तुकड्यांत घातले आणि त्या बाजूला धावत राहिल्या तर मधल्या आघाडीवर उरतात 1200. त्या 300 गुणांनी समोरच्याचे निदान तेवढेच सैन्य आपल्याकडे वळवायला हवे, नाहीतर कुमक येईल तेव्हा वाचवायला मधे काही उरणार नाही.

दुसरा प्रसंग आपल्या जवळचा आहे आणि तो मला जास्त प्रिय आहे. बांगलादेशच्या मुक्तियुद्धात 11 डिसेंबर 1971 च्या दुपारी टांगाईलवर भारतीय हवाई दलाच्या विमानांतून दुसरी पॅरा बटालियन उतरली. ही बटालियन पूर्वीची तिसरी मराठा लाइट इन्फन्ट्री. जुन्या पलटणीचे नाव बदलले, पण मराठा हे बिरूद तिच्याबरोबर राहिले. काम होते लोहाजंग नदीवरचा पुंगलीचा पूल धरून मैमनसिंह आणि जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडायचे. बटालियनचे प्रमुख होते लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू. उतरताना माणसे आणि सामान बरेच विखुरले, तरी संध्याकाळपर्यंत पूल ताब्यात आला.

आता या घटनेत वेगवान तुकडी कोणती? मला दोन दिसतात. एक तर कादर सिद्दिकींचे मुक्तिवाहिनीचे लोक. टांगाईलच्या आसपासचा मुलूख त्यांच्या पायाखालचा होता, आणि छत्र्या उतरल्या त्या त्यांच्या भरवशाच्या प्रदेशात. त्यांच्याकडे जीपही फारशा नसतील, पण ते आधीपासून तिथे होते. खुणेचा दिवा याहून वेगळा नसतो. दुसरी तुकडी जमीनमार्गाने उत्तरेकडून येणारी पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री, जंगी पलटण, लेफ्टनंट कर्नल के. एस. ब्रार यांच्या हाताखाली. जमालपूरचा वेढा फोडून निसटू पाहणाऱ्या शत्रूला तिने रोखले आणि लगेच दक्षिणेकडे धाव घेऊन पुलावरच्या पॅराला जाऊन मिळाली. आर्नहेमच्या पुलावर फ्रॉस्टला भेटायला जमिनीवरून कोणी वेळेत पोहोचले नाही. पुंगलीच्या पुलावर पोहोचले. पाच दिवसांत, 16 डिसेंबरला, ढाक्यात शरणागती झाली. जुन्या तिसऱ्या मराठ्याचे सैनिक आकाशातून उतरले आणि पहिल्या मराठ्याने जमिनीवरून येऊन त्यांचा हात धरला, याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि तो इथे लपवण्याचे कारण नाही. खेळाच्या दृष्टीने यातली शिकवण अशी, की कुमकेला दोन आधार लागतात: एक तिच्या आधी पोहोचलेला, आणि एक तिच्यानंतर लगेच पोहोचणारा. बहुतेक याद्यांमध्ये पहिलाच असतो. दुसऱ्यासाठी मी नेहमी एक वेगवान तुकडी पहिल्या फेरीत अजिबात न हलवता मागे झाकून ठेवतो. सोबत्यांना ती वाया गेलेली वाटते, पण तिसऱ्या फेरीत तीच सर्वाधिक उपयोगी पडते.

मराठ्यांच्या जुन्या लढायांत या विषयाला भरपूर माल आहे. सडी फौज घेऊन बाजीरावाने 1728 मध्ये पालखेडला निजामाला कोंडले, तिथे राखीव ठेवण्याची गरजच पडली नाही, कारण वेगच साऱ्या फौजेत सारखा वाटलेला होता. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी उलटे झाले. दुपारी अब्दालीने राखलेली ताजी फौज पुढे घातली. तिच्या जोडीला उंटांवरच्या जंबुरका होत्या, म्हणजे तोफखान्याचा मारा आणि स्वाराची चाल एकत्र. भाऊसाहेबांकडे त्या वेळी पुढे घालायला ताजे असे काही उरले नव्हते. पानिपत टेबलावर मांडणारे जंबुरकांना तोफा समजून मागे उभ्या करतात. त्यांना कुमकेबरोबर धावू द्यावे, तरच ती दुपार टेबलावर नीट उभी राहते.

आमच्या बालाघाटकडच्या परसवाडा गावाला सर्वांत जवळचा प्रसंग नागपूरचा. हा मुलूखही तेव्हा भोसल्यांच्याच अमलात होता. 26 नोव्हेंबर 1817 च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या दोन टेकड्यांवर इंग्रजांची सुमारे 1,400 ची फौज आणि आप्पासाहेब भोसल्यांची कैक पटींनी मोठी फौज यांची लढाई जुंपली. दुसऱ्या दिवशी सकाळी भोसल्यांच्या अरब शिपायांनी लहान टेकडी घेतली. इंग्रजांजवळ सहाव्या बंगाल घोडदळाचे तीन ट्रूप होते. कॅप्टन फिट्झजेरल्डने हल्ल्याची परवानगी पुन्हा पुन्हा मागितली होती. अखेर तो बाहेर पडला, समोरच्या स्वारांवर तुटून पडला आणि दोन तोफा घेऊन परतला. त्याने पारडे फिरले आणि लहान टेकडीही परत गेली. खरी कुमक, कर्नल गहानची, आली 29 ला, आणि डव्हटनची डिव्हिजन 12 डिसेंबरला. इंग्रजांच्या स्वारांनी कुमक येईपर्यंतचा वेळ विकत घेतला. नागपूरकरांकडे हजारो स्वार होते. त्यातली एखादी सडी तुकडी गहानच्या वाटेवर दोन दिवस आडवी राहिली असती तर काय झाले असते, हा प्रश्न मला अजून सोडत नाही. वेगवान तुकडी आपल्या कुमकेला जशी वाट करून देते तशी समोरच्याच्या कुमकेची वाट अडवतेही, आणि हा दुसरा उपयोग याद्या करताना हमखास विसरला जातो.

परसवाडा बैहरच्या पठारावर आहे. बालाघाटहून यायचे तर घाट चढून यावे लागते. आमच्याकडचे खेळाचे टेबल त्यावरूनच बनवलेले आहे: एका कडेला थर्माकोलची चढण, तिच्यातून वर येणारा एकच रस्ता, आणि पठारावर सालाच्या रानासाठी रंगवलेला लाकडाचा भुसा. घाटावरचा डाव खेळताना राखीव फौजेला टेबलाच्या कोणत्याही कडेने येता येत नाही, फक्त घाटाच्या तोंडातून. शहरातून आलेले खेळाडू पहिल्यांदा खेळताना आपले सर्वांत वेगवान स्वार पठाराच्या पार टोकाला पळवतात, कारण तिथे गुण असतात. मग घाटाच्या तोंडाशी समोरच्याचे दहा स्वस्त भालाईत येऊन बसतात आणि खालची फौज खालीच राहते. ज्याने एक जड, संथ वाटणारी पण चिवट घोडदळाची तुकडी तोंडाशी रोवून ठेवली आणि हलके स्वार रानात लपवले, त्याची कुमक वर येते. सर्वांत वेगवान तुकडी आणि कुमकेला सर्वाधिक उपयोगी तुकडी या दोन वेगळ्या असू शकतात, हे या टेबलाने आम्हाला दाखवले.

विमाने आणि वाहने यांबद्दल माझे मत थोडे कडक आहे. विमान सर्वांत वेगवान, पण ते जागा धरत नाही. ज्या जागेवर कुमक उतरणार ती जागा त्याच्या सावलीने मोकळी होत नाही. सैनिक वाहून नेणारे वाहन वेगाने जाते, पण त्यातून उतरलेले सैनिक पुन्हा पायदळच, आणि वाहन फुटले की दोन्ही गेले. मला मोटारसायकली, घोडेस्वार आणि पाठीवर जेटपॅक घेतलेले पायदळ या तिन्हींवर जास्त भरवसा आहे, कारण त्यांची आकृती लहान, आडोसा घेणे सोपे, आणि दोन-तीन सैनिक पडले तरी उरलेले काम करतात. एकच मोठी तुकडी घेण्याऐवजी दोन लहान घ्याव्यात, हा सल्ला पुढच्या पानांत वारंवार येईल. एक गेली तर दिवा विझत नाही.

मिनिएचर महाग आहेत, हे मान्यच आहे. पुस्तिकेतले सारे डाव पुठ्ठ्याच्या गोल चकत्यांवरही खेळता येतील असे ठेवले आहेत. चकतीवर तुकडीचे नाव आणि चाल लिहिली की पुरे. शेवटचा डाव टांगाईलचा आहे. त्यात पॅराचा खेळाडू दुसऱ्या फेरीत उतरतो आणि प्रत्येक कंपनीसाठी वेगळा दिशेचा फासा टाकतो. मुक्तिवाहिनीच्या चार चकत्या सुरुवातीपासून टेबलावर असतात; त्यातली एक उतरण्याच्या मैदानापासून 6 इंचांच्या आत जिवंत असेल तर भरकटणे निम्मे. जंगी पलटण तिसऱ्या फेरीत उत्तरेच्या कडेने येते. पहिल्यांदा खेळताना चारही चकत्या पुलाकडे नेऊन पाहा, दुसऱ्यांदा दोन मैदानाशी ठेवून.